बाहुली काय सांगते: मेंदूच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांची शुश्रूषा

मेंदूशी थेट जोडलेल्या नसांच्या १२ जोड्या आहेत. त्यांपैकी ६ जोड्यांचं डोळ्यांशी काम असतं. दुसरी नस दिसलेलं मेंदूपर्यंत पोचवते. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळा फिरवतात. शिवाय तिसरी वरची पापणी उचलते आणि बाहुली लहान करते. पाचवीमुळे डोळ्यात कण गेला की खुपतं, सातवीमुळे पापणी मिटते. निम्म्या नसा एकाच अवयवाच्या दिमतीला असल्यावर मेंदूत काही बिघडलं की ते डोळ्यात उमटणार आणि डोळ्याची तक्रार अधूनमधून मेंदूची निघणार, हे ओघानं आलंच.

रुग्णालयात मात्र न्यूरोचा, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांचा वॉर्ड वेगळा, डोळ्यांचा वेगळा. डॉक्टर वेगळे, केसपेपरवरची भाषाही वेगळी. न्यूरोच्या वॉर्डात डोळा म्हणजे टॉर्च मारून बघायची वस्तू होऊन बसतो, आणि डोळ्यांच्या वॉर्डात रुग्णाला बाकीचं शरीर आहे हे पुष्कळदा विसरलं जातं. हा सांधा जुळवण्याचं काम नर्सकडे येतं. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा रुग्ण त्या घडीला कसा आहे ते त्यांना दिसतं. तासापूर्वी तो कसा होता आणि आता काय बदललं, हे जी व्यक्ती सारखी खाटेशी असते तिलाच ठाऊक असतं. या दोन्ही प्रकारच्या आजारांत उपचाराची दिशा त्या बदलावर ठरते.

शुद्ध मोजायची कशी

‘पेशंट गुंगीत आहे’ या नोंदीचा काडीचा उपयोग नाही. एकीला जी गुंगी वाटते ती दुसरीला झोप वाटते. म्हणून १९७४ साली ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी एक साधं माप तयार केलं, ते ‘ग्लासगो कोमा स्केल’ म्हणून जगभर वापरलं जातं. तीन गोष्टी बघायच्या: डोळे कधी उघडतो, बोलतो काय, आणि हातपाय कसे हलवतो. डोळ्यांना जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे १५ होतात. सगळ्यात कमी गुण मात्र शून्य नसून ३ आहेत, कारण काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येक रकान्यात १ लिहितात.

८ किंवा त्याहून कमी गुण असले तर रुग्णाला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येईल याचा भरवसा नसतो आणि नळी घालण्याचा विचार होतो. हा आकडा सगळ्यांच्या पाठ असतो. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते ती अशी की नुसती बेरीज फसवी असते. १० गुण अनेक तऱ्हांनी होतात. पक्षाघातानं वाचा गेलेला माणूस टक्क जागा असूनही बोलण्याच्या रकान्यात मार खातो. घशात नळी असलेल्याला तर बोलताच येत नाही. तिथे गुणांऐवजी नळी आहे अशी खूण करायची असते. म्हणून तिन्ही आकडे सुटे लिहावेत. बेरजेत २ गुणांची घट झाली किंवा हालचालीचा एक जरी गुण घसरला, तर डॉक्टरांना फोन करायला पुढच्या राउंडची वाट बघायची नाही.

तपासण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी नुसतं बघा. मग नावानं हाक मारा, मग मोठ्यानं, मग स्पर्श करून. एवढ्यानं काही झालं नाही तरच बोटाच्या टोकावर दाब किंवा मान-खांद्याच्या मधल्या स्नायूला चिमटा. छातीच्या हाडावर मुठीनं रगडण्याची जुनी सवय अजून पुष्कळांना आहे. त्यानं वळ उठतात, आणि ती सोडलेली बरी. हे सगळं नातेवाइकांच्या देखत करायचं असेल तर आधी दोन वाक्यांत सांगावं. बेशुद्ध माणसाला कुणी चिमटे काढतंय, हे दृश्य कारण न कळता पाहणं कुणालाही अवघड जातं.

आणि गुण घसरण्याच्याही आधी काही दिसत असतं. काल शांत असलेला रुग्ण आज नळ्या ओढतो, चादर फेकतो. किंवा उलट, रात्रभर बडबडणारा एकदम गप्प होतो आणि वॉर्डाला हायसं वाटतं. डोक्याला मार लागलेला रुग्ण अचानक गाढ झोपला, तर त्याला उठवून बघायलाच हवं.

बंद कवटीतला हिशोब

एवढी धास्ती का, ते कवटीच्या रचनेत आहे. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा, न फुगणारा डबा. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी. यातलं एक वाढलं, म्हणजे रक्ताची गाठ झाली, सूज आली किंवा पाणी अडलं, की दुसऱ्यांना जागा सोडावी लागते. काही काळ ही तडजोड चालते आणि रुग्ण वरून बरा दिसतो. ती संपली की पुढे थोड्याशा वाढीनंही दाब झपाट्यानं चढतो. आडव्या पडलेल्या प्रौढाच्या डोक्यातला दाब एरवी पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरांत असतो. तो २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार सुरू करतात.

दाब वाढता वाढता मेंदूचा भाग खाली सरकू लागला की वाटेत तिसरी नस चेपली जाते. त्या बाजूची बाहुली मोठी होते, आधी प्रकाशाला मंद होते, मग थिजते. याच सुमाराला रक्तदाब चढतो आणि त्याच्या वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर रुंदावतं, नाडी मंदावते, श्वासाची लय बिघडते. हार्वी कुशिंग या शल्यविशारदाच्या नावानं ओळखलं जाणारं हे त्रिकूट परीक्षेत हमखास विचारतात. खाटेशी मात्र ते दिसायची वाट बघू नये, कारण ते फार उशिरा येतं.

दाब चढू नये म्हणून नर्सच्या हातात ज्या गोष्टी आहेत त्या फुटकळ वाटतात. खाटेची डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर. मान सरळ, कारण मान एका बाजूला कलली किंवा गळ्यातल्या नळीची फीत करकचून बांधली, की डोक्यातून रक्त खाली आणणारी शीर दबते. पाय पोटाशी फार दुमडू नयेत. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. कुंथण्यानंही दाब वाढतो. सक्शन, म्हणजे नळीनं कफ ओढून काढणं, करण्याआधी प्राणवायू द्यावा आणि एका वेळी १० सेकंदांहून जास्त लावू नये. ताप लगेच उतरवावा. आणि सगळी कामं एका दमात उरकण्याचा मोह आवरावा. अंग पुसणं, कूस बदलणं, सक्शन, चादर बदलणं असं लागोपाठ केलं की प्रत्येक वेळी दाब थोडा चढतो आणि उतरायला सवड मिळत नाही. मध्ये रुग्णाला निवांत पडू देणं हेसुद्धा कामच आहे, कितीही रिकामं बसल्यासारखं वाटलं तरी.

बाहुलीवर टॉर्च मारण्याआधी

बाहुली तपासायला अर्धं मिनिट लागतं आणि ती चुकीची तपासायलाही तेवढंच. उजेड थोडा कमी करावा. टॉर्च लावण्याआधी दोन्ही बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये नोंदवावा. साध्या उजेडात तो २ ते ५ च्या आसपास असतो. मग बाजूनं प्रकाश आणून ती बाहुली आवळते का, झटकन की रेंगाळत, आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही सोबत आवळते का, ते बघावं.

फसगतीच्या जागा पुष्कळ. निरोगी माणसांतही साधारण पाचांत एकाच्या बाहुल्यांत किंचित फरक असतो, सहसा १ मिलिमीटरपेक्षा कमी. म्हणून भरती होतानाची नोंद लाखमोलाची. जुन्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाहुली वेडीवाकडी किंवा सुस्त राहिलेली असू शकते. नकली डोळाही असतो, आणि त्याला ‘प्रकाशास प्रतिसाद नाही’ अशी शिस्तीत नोंद झालेली सापडते! अफूवर्गातल्या वेदनाशामकांनी दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि मेंदूच्या देठात रक्तस्राव झाला तरी तशाच होतात.

सगळ्यात घोळ घालतात ती औषधं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघायला बाहुली मोठी करणारा थेंब टाकला आणि पुढच्या पाळीला ते कळलंच नाही, तर मध्यरात्री धावपळ होऊन सीटी स्कॅन निघतो. उलटही घडू शकतं: खरोखरच थिजलेली बाहुली ‘थेंबामुळे असेल’ म्हणून सोडून दिली जाते, आणि ते जास्त घातक. अशा थेंबांपैकी ट्रॉपिकामाइडचा असर काही तासांत ओसरतो. ॲट्रोपिनचा आठवडाभर किंवा त्याहून जास्त राहू शकतो. म्हणून शुद्धीवर नजर ठेवायची आहे अशा रुग्णाच्या डोळ्यात असा थेंब न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकू नये. टाकलाच तर कोणत्या डोळ्यात, कोणता, किती वाजता, हे चार्टवर ठळक लिहावं. दम्यासाठी नेब्युलायझरमधून दिलेलं इप्राट्रोपियमही मास्कच्या फटीतून एका डोळ्यात जाऊन तेवढीच बाहुली मोठी करू शकतं. तेव्हा मास्क नीट बसला आहे का, हे आधी बघावं.

पक्षाघात: पहिले तास आणि पुढचे दिवस

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. निवडक रुग्णांत गुठळी नळीवाटे ओढून काढायला २४ तासांपर्यंत मुभा मिळते. त्यामुळे नर्सनं नातेवाइकांना विचारायचा पहिला प्रश्न ‘कधी झालं?’ असा नसून ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?’ असा हवा. सकाळी उठल्यावर हात लुळा असल्याचं लक्षात आलं, तर घड्याळ रात्री झोपल्यापासून सुरू झालेलं असतं. साखर लगेच तपासायची, कारण साखर घसरल्यानंही हुबेहूब पक्षाघाताचं चित्र उभं राहतं. इंजेक्शन द्यायचं तर रक्तदाब आधी १८५/११० च्या खाली आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवावा लागतो.

इंजेक्शनबद्दल सगळे बोलतात. त्यानंतरच्या शुश्रूषेबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि खरं तर ती सगळ्यांच्याच वाट्याला येते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे पक्षाघाताच्या खास वॉर्डांत, एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नवं औषध काहीच नव्हतं. पहिल्या ७२ तासांत ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता या तीन गोष्टी नर्सनी ठरलेल्या पद्धतीनं सांभाळायच्या, एवढंच. ९० दिवसांनी नेहमीच्या पद्धतीच्या युनिटमधले ५८ टक्के रुग्ण मरण पावलेले किंवा परावलंबी होते. नर्सनी ही पद्धत राबवली तिथे ४२ टक्के. असा फरक पाडणारी महागडी गोळी निघाली असती तर तिच्या जाहिराती झाल्या असत्या.

त्या तिघांत गिळण्याची बाब घरचे सगळ्यात हलक्यानं घेतात. तोंड वाकडं झालेल्या माणसाला मायेनं दिलेलं घोटभर पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पुष्कळदा ठसकाही लागत नाही. न्यूमोनिया दोन दिवसांनी दिसतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काहीही नाही. त्यात गोळ्याही आल्या आणि औषधापुरतं पाणीही आलं.

यानंतर डोळ्यांचा भाग येतो, तो हटकून निसटतो. रुग्ण ताटातलं अर्धंच खातो, डाव्या बाजूनं आलेल्या माणसाकडे बघत नाही, दाराच्या चौकटीला एकाच बाजूनं धडकतो. घरचे म्हणतात लक्ष नाही, भूक नाही. याची दोन कारणं असू शकतात आणि त्यांतला भेद कळला पाहिजे. एकात दृष्टीचं अर्धं क्षेत्र दोन्ही डोळ्यांतून गेलेलं असतं, पण रुग्णाला काही तरी दिसत नाही याची जाणीव असते किंवा करून देता येते. मान वळवून राहिलेली बाजू न्याहाळायला तो शिकतो. दुसऱ्यात नजर शाबूत असूनही मेंदू ती बाजू हिशोबातच धरत नाही, बहुतेक वेळा डावी. असा रुग्ण अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो आणि दाढी झाली म्हणतो. त्याला रागावून उपयोग नाही. सुरुवातीला त्याचं लक्ष असतं त्या बाजूनं त्याच्याशी बोलावं, बेल आणि चष्मा त्याच बाजूला ठेवावा. मग हळूहळू दुर्लक्षित बाजूनं हाक मारून, तो हात हाती देऊन, तिकडे लक्ष ओढत न्यावं. आणि कुठलाही लुळा हात धरून रुग्णाला उठवू नये. सैल पडलेला खांदा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो.

वाचा गेलेल्या रुग्णापुढे त्याच्याच आजाराची चर्चा तिसऱ्याशी करू नये. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं. एका वेळी एक छोटं वाक्य बोलावं, उत्तराला वेळ द्यावा, आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करण्याची घाई करू नये.

न मिटणारा डोळा

बेशुद्ध किंवा गुंगीच्या औषधांवर असलेल्या रुग्णाचा जीव वाचतो, तो घरी जातो आणि एका डोळ्यात कायमचं फूल पडलेलं असतं. हे टाळता येण्यासारखं आहे, आणि टाळायला यंत्र लागत नाही.

जागेपणी आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा पापणी लववतो आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पापुद्र्यावर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा थर पसरत राहतो. बेशुद्धीत लवणं थांबतं आणि पापण्या पूर्ण मिटत नाहीत. कॉर्निया कोरडा पडून सोलवटतो, मग त्यात जंतू शिरतात. म्हणून प्रत्येक पाळीत पापण्या कितपत मिटल्या आहेत ते वाकून बघावं. पूर्ण मिटल्या असतील तर स्वच्छता पुरे. पांढरा भाग दिसत असेल तर वंगणाचं मलम. कॉर्निया उघडा असेल तर मलम घालून पापणी मिटवून वर टेप. इथे क्रम महत्त्वाचा: पापणी मिटवल्याशिवाय वर गॉज ठेवला तर तोच गॉज कॉर्नियावर घासतो. साफ करताना नाकाकडून कानाकडे पुसावं, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि प्रत्येक पुसण्याला नवा. सक्शन करताना डोळे झाकावेत आणि बाजूला उभं राहून करावं. कफातले जंतू उडून उघड्या कॉर्नियात गेले तर दोन दिवसांत डोळा हातचा जाऊ शकतो.

चेहऱ्याचा लकवा झालेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही हाच धोका. यात कपाळ बघावं. सातवी नस स्वतःच सुजली असेल तर त्या बाजूच्या कपाळावरही आठी पडत नाही. मेंदूतला पक्षाघात असेल तर सहसा कपाळ वाचलेलं असतं. पापणी मिटत नसेल तर दिवसा कृत्रिम अश्रू, रात्री मलम आणि टेप, बाहेर जाताना चष्मा. सगळ्यात जपायचा तो रुग्ण, ज्याची पाचवी आणि सातवी दोन्ही गेल्या आहेत. कानाच्या नसेवरची गाठ काढल्यावर असं होऊ शकतं. त्याचा डोळा मिटतही नाही आणि खुपतही नाही. दुखत नाही म्हणून तो तक्रार करत नाही.

डोळ्यांच्या वॉर्डात

इथली बरीचशी शुश्रूषा थेंबांभोवती फिरते. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर औषध असतं आणि पापणीच्या आत जागा त्याहून कमी. दुसरा थेंब लगेच टाकला तर तो गालावरच जातो. खालची पापणी हलकेच ओढून त्या खोबणीत एक थेंब, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता. मग डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मलम शेवटी.

कोपरा दाबणं हा उपचार नसून नुसता सोपस्कार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी टिमोलॉल आठवावं. काचबिंदूचा हा थेंब रक्तात उतरला की नाडी मंदावते आणि दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू भराभर थकतात त्या आजारात, अशक्तपणा वाढू शकतो. आणि डोक्याला मार लागलेल्या ज्येष्ठ रुग्णाची नाडी ५० आहे ती कवटीतल्या दाबामुळे की रोजच्या थेंबामुळे, हे घरून आलेल्या औषधांत डोळ्याची बाटली होती का हे विचारल्याशिवाय कळणार नाही. थेंबांना लोक औषधांत मोजत नाहीत. मुद्दाम विचारावं लागतं.

काचबिंदूचा तीव्र झटका तर ओळखीचाच चकवा. अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, म्हणून रुग्ण मायग्रेन किंवा पोटाचा म्हणून पडून राहतो. डोळा लाल, कॉर्निया धुरकट, बाहुली मध्यम मोठी आणि थिजलेली, दिव्याभोवती रंगीत वलयं. डोळ्याचा दाब एरवी पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांत असतो, इथे तो ४० च्या पुढे जातो आणि काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. फिट किंवा मायग्रेनसाठी नुकतंच टोपिरामेट सुरू केलेल्यालाही पहिल्या काही आठवड्यांत असा झटका येऊ शकतो. डोकं आणि डोळा यांचा हिशोब औषधांतही एक होतो: कवटीतला दाब उतरवायला जे मॅनिटॉल देतात, तेच इथेही शिरेतून देतात. थंडीत त्याचे स्फटिक होतात, म्हणून बाटली उजेडात धरून बघावी, फिल्टरच्या सेटनंच लावावी, आणि लघवी मोजावी.

डोळ्यात रसायन गेलं तर नजर तपासणं, नाव लिहिणं, डॉक्टर येणं, सगळं नंतर. आधी धुणं. निदान अर्धा तास सलाइननं, ते नसेल तर साध्या स्वच्छ पाण्यानं, पापण्या उलटून. चुन्यासारखा क्षार आम्लापेक्षा वाईट, कारण तो आत झिरपत जातो. डोळ्यात घुसलेली वस्तू मात्र काढायचीही नाही आणि धुवायचीही नाही. वर दाब न येईल असं कडक कवच लावून पाठवायचं.

शस्त्रक्रियेनंतर डोळा थोडा चुरचुरणं चालतं. पण दुखणं वाढत जातं, लाली वाढते आणि नजर कालच्यापेक्षा कमी, असं असेल तर आत जंतुसंसर्ग झाला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. सुटलेला पडदा बसवताना आत वायू भरला असेल तर डॉक्टर सांगतील तशी मान ठेवावी लागते, कधी दिवसचे दिवस पालथं. वायू जिरेपर्यंत विमानप्रवास आणि भुलीचा नायट्रस ऑक्साइड वायू वर्ज्य.

डोळ्याची तक्रार, मेंदूची घाई

काही तक्रारी ऐकल्या की रांग मोडून डॉक्टरांना सांगावं. अचानक पापणी पडली, एकाचे दोन दिसतात, सोबत डोकं दुखतंय आणि त्या बाजूची बाहुली मोठी: मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या नसेवर दाबत असू शकतो. पन्नाशीपुढच्या माणसाला नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू हुळहुळी, चावताना जबडा दुखतो आणि नजर क्षणभर जाऊन येते: कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते, आणि स्टेरॉइड लवकर न दिल्यास दुसराही डोळा जाऊ शकतो.

मायस्थेनियाचा रुग्ण सकाळी डोळे नीट उघडतो आणि संध्याकाळी पापण्या पडतात. त्याची गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास द्यायची, म्हणजे चावायला-गिळायला बळ राहतं. ती उशिरा देणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं किंवा ठसका लावणं. पार्किन्सनच्या गोळ्यांचंही तेच: वॉर्डाची वेळ न बघता रुग्णाची घरची वेळ पाळावी. फिट आली तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं. ५ मिनिटांत थांबली नाही तर ती आणीबाणी. फिट येत असताना डोळे आणि मान कोणत्या बाजूला वळली होती, हे बघून ठेवलं तर डॉक्टरांना फिट मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू झाली याचा माग लागतो.

न दिसणाऱ्या माणसाजवळ

खोलीत शिरताना आपलं नाव सांगावं, हात लावण्याआधी बोलावं, निघताना निघतो म्हणून सांगावं. नाही तर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. चालवताना त्याला ढकलू नये; त्यानं आपलं कोपर धरावं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालावं. ताटातलं काय कुठे आहे ते घड्याळाच्या आकड्यांवरून सांगावं. टेबल, खुर्ची, पाण्याचा ग्लास सफाईच्या निमित्तानंही जागचे हलवू नयेत. ज्येष्ठ रुग्ण भ्रमिष्टासारखं वागू लागला तर झोपेचं औषध मागण्याआधी त्याचा चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे आहे ते शोधावं. बहुतेकदा ते ड्रॉवरमध्ये निघतं.

एक प्रश्न मात्र आपणहून विचारायला हवा: ‘कधी नसलेलं काही दिसतं का?’ नजर बरीच गेलेल्या लोकांना माणसं, नक्षी, चेहरे, छोट्या आकृत्या दिसू शकतात. १७६० मध्ये शार्ल बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं आणि त्यांचंच नाव या अवस्थेला मिळालं. डोळ्यांकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो; वेडाशी याचा संबंध नाही. लोक वेडं म्हणतील या भीतीनं रुग्ण ते कुणाला सांगत नाहीत, आणि हे काय आहे एवढं कळलं तरी बहुतेकांची धास्ती निम्मी होते. चित्रांबरोबर आवाजही ऐकू येत असतील, किंवा दिसतंय ते खरंच आहे असं रुग्ण ठासून म्हणत असेल, तर मात्र कारण वेगळं असू शकतं आणि तसं डॉक्टरांच्या कानावर घालावं.